माझ्या डिग्रीचा सात-बारा

तीन दिवसांपूर्वी रात्री अकरा वाजता मला कळलं की मी पास होत नाहीये. म्हणजे मार्क चांगले आहेत, एमएसला लागतात ते ३० क्रेडिट पूर्ण आहेत, फी भरून वर्ष झालं, भाड्याचा गाऊन खुर्चीवर टांगलाय आणि आई-बाबा व्हिसा काढून, मेतकुटाच्या पिशव्या कस्टममधून सोडवून शनिवारच्या समारंभासाठी इथे अमेरिकेत येऊन बसलेत. फक्त डिग्रीसाठी काय झालं, काय राहिलं हे दाखवणाऱ्या डिग्री ऑडिट नावाच्या पानावर एका ओळीपुढे लाल गोळा. स्टॅटिस्टिक्स, ३ क्रेडिट, बाकी.

भानगड अशी की गेल्या फॉलला, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबरच्या सेमिस्टरला, डिपार्टमेंटने तो कोर्स ठेवलाच नव्हता. तेव्हाच्या ॲडव्हायजर बाई म्हणाल्या, त्याऐवजी स्पेशल टॉपिक्समधला घे, चालेल. मेल आहे माझ्याकडे. मी घेतला, ए मिळवला, बाईंनी माझ्या रेकॉर्डवर तशी 'नोट' टाकली आणि जानेवारीत नोकरी सोडून गेल्या. आता यातली मेख म्हणजे नोट ही माणसांनी वाचायची असते, ऑडिट करणारं सॉफ्टवेअर तिच्याकडे ढुंकून बघत नाही. त्याला 'एक्सेप्शन' लागतं, म्हणजे हा कोर्स त्या कोर्सच्या जागी धरा असं वेगळ्या स्क्रीनवर जाऊन रीतसर भरायचं. ते बाईंनी केलंच नाही. का नाही केलं? विसरल्या असतील. मी लायब्ररीचं पुस्तक एक दिवस विसरले तर मात्र तीन मेल येतात.

मी रडकुंडीला आलेली आणि बाबा मागून चष्मा लावून लॅपटॉपकडे बघतायत. बाबा म्हणजे सातारा जिल्ह्यात ३१ वर्षं तलाठी. बघता बघता चेहरा असा खुलला की एअरपोर्टवर मला बघूनही खुलला नव्हता.

"अगं, हा तर सात-बारा आहे!"

"बाबा, प्लीज."

"हे बघ, वर खातेदाराचं नाव, मग क्षेत्र, आणि ही तुझी नोट. नोंद पेन्सिलीनं केलीय बाईनं. पेन्सिलीनं जमीन नावावर होत नसती बाळा. फेरफार घालावा लागतो."

दुसऱ्या दिवशी नव्या ॲडव्हायजरबरोबर झूमवर पंधरा मिनिटांची अपॉइंटमेंट मिळाली. बाबा स्वेटर घालून शेजारी खुर्ची टाकून बसले, त्यांच्या मते कॅमेऱ्याच्या बाहेर. ॲडव्हायजर बिचारा गोड मुलगा, माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठा असेल, त्याने आधी विचारलं की खोलीत आणखी कोणाचं तरी अर्धं डोकं दिसतंय, ते कोण? कारण इथे फर्पा म्हणून १९७४चा कायदा आहे, कॉलेजात जाणाऱ्या मुलाचं रेकॉर्ड त्याच्या संमतीशिवाय आईबापालासुद्धा सहसा दाखवत नाहीत. मी हे बाबांना सांगितलं.

"फी कुणी भरली?" बाबा.

"काय म्हणतायत ते?" ॲडव्हायजर.

"हॅलो म्हणतायत," मी.

मग त्याने समजावलं की तो एक्सेप्शन भरेल, ते ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटर मंजूर करेल, पुढे रजिस्ट्रारकडे जाईल आणि रात्री सिस्टीम रिफ्रेश झाली की गोळा हिरवा होईल. बाबांना एवढं इंग्रजी कळतं. ते एकदम पुढे सरकून कॅमेऱ्यात आले.

"म्हणजे तलाठ्यानं नोंद घातली, मंडळ अधिकारी प्रमाणित करणार. बरोबर आहे. त्याला विचार, हरकतीची नोटीस किती दिवसांची? आपल्याकडे पंधरा."

"बाबा, माझ्या स्टॅटिस्टिक्सवर कोण हरकत घेणारे?"

"चुलते सोडून कुणीही घेऊ शकतं. चुलते तर घेतातच. आणि पोच माग. तोंडी नको."

बाईंची मेल दाखवली तर गोड मुलगा म्हणाला, अरे वा, ही उपयोगी पडेल. सॉरी वगैरे काही नाही. उलट जाता जाता मला सांगतो की ऑडिट दर सेमिस्टरला स्वतः तपासायची सवय ठेव. दर सेमिस्टरला! मी शिकायला आलेय की ऑडिटर म्हणून लागलेय? एकेका क्रेडिटचे पैसे मोजताना कर्जाचा हप्ता आठवतो, आणि ते क्रेडिट योग्य रकान्यात ठेवायचं कामही परत माझ्याकडेच.

बरं, शनिवारी स्टेजवर चालायला कोणी अडवणार नव्हतं, कारण तिथे हातात देतात ते फोल्डर रिकामंच असतं, खरं सर्टिफिकेट पुढे पोस्टाने येतं. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. मला घोर होता नोकरीचा. कंपनीला डिग्री झाल्याचा पुरावा हवा, आणि ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर इथे काम करायच्या परवानगीचं, सगळं गणित आय-ट्वेंटी या युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेल्या कागदावरच्या कोर्स संपायच्या तारखेला बांधलेलं, ती तारीख काही लाल गोळ्यासाठी थांबत नाही.

काल सकाळी सहाला उठून पान उघडलं. स्टॅटिस्टिक्स हिरवं! आणि खाली इलेक्टिव्ह लाल. कारण तो कोर्स आधी इलेक्टिव्हमध्ये मोजला जात होता, तिथून उचलून वर नेला तर खाली खड्डा. माझा आणखी एक जादाचा कोर्स कुठल्याच रकान्यात न बसता तळाशी बेवारस पडलेला, तो कोणीतरी हाताने इलेक्टिव्हमध्ये घ्यायला हवा होता. मी डोकं धरून बसले. बाबा चहा फुंकत म्हणाले, "एका गटाचं क्षेत्र वाढवलं की शेजारच्याचं घटणारच. मोजणी न करता फेरफार घातला त्यानं. नवीन आहे, शिकेल."

परत मेल, परत मंजुरी, परत रात्र. आज सकाळी सगळं हिरवं, शंभर टक्के. बाबांनी खालच्या लायब्ररीतून प्रिंट काढून आणली, गोल शिक्का नाही म्हणून जरा नाराज झाले, आणि मग बोट ठेवून बारीक अक्षरं वाचायला लागले. एक्सेप्शनचं कारण: विद्यार्थिनीची विनंती.

माझी विनंती? कोर्स त्यांनी ठेवला नाही, नोंद त्यांनी केली नाही, दुसऱ्यांदा चूक त्यांनी केली, आणि रेकॉर्डवर कायमचं असं की मी सवलत मागायला गेले होते! मी तिथल्या तिथे मेल लिहायला बसले, चांगली खरमरीत.

बाबा म्हणाले, "राहू दे. महसूल संहितेच्या कलम १५५ला लेखनप्रमाद दुरुस्त करताना मीसुद्धा 'खातेदाराच्या अर्जावरून' एवढंच लिहायचो. चूक कुणाची, ते कधीच नाही लिहिलं."

"चूक कोणाची असायची?"

बाबांनी प्रिंटची घडी घातली आणि चहा आणखी आहे का विचारलं.