जेव्हन्सच्या नावावर खपवलेलं अर्धसत्य

‘ऊर्जा-कार्यक्षमता म्हणजे शुद्ध धूळफेक’ असं ठणकावून सांगणारा एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्यातले मुद्दे साधारण असे: यंत्रं सुधारली की वापर उलट वाढतो, हे जेव्हन्सने 1865 मध्येच सिद्ध केलंय, ऊन-वारा फुकट आहे, मग वाचवायचं कशाला, सौर पॅनेल लावा, सरकारी मानकांमुळे उपकरणं महागतात आणि गरीब भरडला जातो, आणि बचतीत खरंच फायदा असता तर लोकांनी आपणहून केली असती, त्यासाठी राष्ट्रीय धोरण कशाला? पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स हा ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ. जेम्स वॉटचं इंजिन जुन्या न्यूकोमेन इंजिनापेक्षा कितीतरी कमी कोळशात तेवढंच काम करू लागलं, तरी ब्रिटनमधला कोळशाचा खप वाढतच गेला, हे त्याने दाखवलं. ते बरोबरच आहे. वाफेची ताकद स्वस्त झाली तशी ती खाणींतून गिरण्यांत, आगगाड्यांत, जहाजांत शिरली. म्हणजे हे उदाहरण अशा तंत्राचं आहे, ज्याला नवनवे उपयोग नुकते कुठे सापडू लागले होते. घरातल्या फ्रीजचं तसं नाही. फ्रीजला निम्मी वीज पुरू लागली म्हणून कोणी दूध दुप्पट गार करून पीत नाही.

फ्रीजचा हिशेब अमेरिकेत नीट मांडला गेला आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला नवा फ्रीज वर्षाला सरासरी 1,800 युनिटांच्या आसपास वीज खात असे. आधी कॅलिफोर्नियाने आणि मग 1987 च्या कायद्याने संपूर्ण देशाने किमान मानकं लावली, ती टप्प्याटप्प्याने कडक केली. 2001 च्या मानकांनंतर नव्या फ्रीजचा वापर 500 युनिटांच्या घरात आला. मधल्या काळात फ्रीज आकाराने वाढले आणि महागाई वजा केली तर स्वस्तही झाले. काहींनी जुना फ्रीज तळघरात चालू ठेवला, हेही खरं. तेवढ्याने बचत काही धुऊन निघाली नाही.

बचतीतला काही भाग वाढलेल्या वापरात परत जातो, याला अभ्यासक रिबाउंड म्हणतात. तो किती, यावरच सगळा वाद आहे. घर गरम-थंड ठेवणं आणि खासगी गाडी चालवणं याबद्दलच्या संशोधनाचा 2007 मध्ये ब्रिटनमध्ये मोठा आढावा घेतला गेला. विकसित देशांत थेट रिबाउंड, म्हणजे त्याच उपकरणाचा वाढलेला वापर, बहुतेक ठिकाणी 30 टक्क्यांच्या आत निघाला. म्हणजे शंभर युनिटं वाचली, तर त्यातली सत्तर तरी वाचलेलीच राहतात. अर्थव्यवस्थेत इतरत्र पसरणारा अप्रत्यक्ष रिबाउंड मोजायला अवघड आहे. तो धरून थेट आकड्यापेक्षा जास्त घट सोसावी लागू शकते, आणि धोरण आखताना ती धरायलाच हवी. गरीब घरांत रिबाउंड जास्त दिसतो, कारण तिथली गरजच मुळात अर्धवट भागलेली असते. वाचलेल्या विजेवर तिथे आणखी एक दिवा लागला, तर त्याला धोरणाचं अपयश म्हणायला मी तयार नाही.

‘ऊन फुकट आहे’ हे तर मान्यच. पण पॅनेल, तारा, रोहित्रं, बॅटऱ्या आणि जमीन यांतलं काहीच फुकट नाही. वीजव्यवस्था सरासरी मागणीसाठी उभारून चालत नाही, ती सर्वाधिक मागणीच्या तासासाठी उभारावी लागते. उष्ण प्रदेशांत रात्रीही एसी धडधडत असतात आणि तेव्हा सौर पॅनेल झोपलेली असतात. एसी कमी वीज खाणारा असेल, तर त्या तासासाठी लागणारी बॅटरीही तेवढी लहान. म्हणूनच 2023 मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत, 2030 पर्यंत अक्षय ऊर्जेची क्षमता तिप्पट करणं आणि कार्यक्षमता सुधारण्याचा वेग वर्षाला सुमारे 2 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या वर नेणं, ही दोन्ही उद्दिष्टं एकत्र ठेवली गेली. त्यांतलं एकच उचलायचं आणि दुसऱ्याला धूळफेक म्हणायचं, हा सोयीस्कर हिशेब झाला.

मानकांमुळे उपकरणं महागतात, हे सुरुवातीला काही वेळा घडतं. मात्र भारतातल्या एलईडी दिव्यांचं उलट झालं. सरकारी कंपनीने मोठ्या प्रमाणावर एकत्र खरेदी केली आणि 2014 ते 2016 या काळात खरेदीचा दर साधारण आठव्या हिश्श्यावर उतरला. 2015 मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत 36 कोटींहून जास्त दिवे वाटले गेले. गरिबाची अडचण आधी पैसे घालण्याची असते. त्यावर एकत्र खरेदी किंवा हप्ते हा उपाय आहे. त्याच्या माथी जास्त वीज खाणारा दिवा मारून त्याचं भलं होत नाही, कारण त्याचं बिल तोच भरतो.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘लोक आपणहून करतील’ हा. मला तो सगळ्यात कच्चा वाटतो. भाड्याच्या घरात गिझर घेतो घरमालक आणि बिल भरतो भाडेकरू. मालक महागडा पण किफायतशीर गिझर का घेईल? कारखान्यांतही हेच चालतं. जगातली जवळपास निम्मी वीज मोटरवर चालणाऱ्या यंत्रणांत जाते. अनेक ठिकाणी पंप पूर्ण वेगात चालवून पुढे व्हॉल्व्ह आवळलेला असतो. पंखे आणि केंद्रापसारी (म्हणजे पाणी गोल फिरवून बाहेर फेकणारे) पंप यांना लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे वेग 20 टक्क्यांनी कमी केला तर आदर्श स्थितीत शक्ती जवळपास निम्म्यावर येते. वेग कमी-जास्त करणारं ड्राइव्ह बसवलं की काम होतं. पण खरेदी विभागाला स्वस्तात स्वस्त पंप घेतल्याची शाबासकी मिळते आणि विजेचं बिल दुसऱ्याच टेबलावर जातं. ही गाठ बाजार आपणहून सोडवत नाही.

जपानच्या ‘टॉप रनर’ पद्धतीने ती निदान उपकरणांपुरती सोडवली. 1998 मध्ये कायदा सुधारून तिथे ठरलं, की आज बाजारात जे सर्वांत कार्यक्षम उपकरण आहे त्याच्या आधाराने, ठरलेल्या वर्षापर्यंत प्रत्येक उत्पादकाने विकलेल्या उपकरणांच्या सरासरीचं लक्ष्य ठरवायचं. मानक कागदावरच्या कल्पनेतून आलेलं नसल्यामुळे ‘हे शक्यच नाही’ म्हणायला फारशी जागा उरत नाही.

मजकुरात जाता जाता एक टोमणा आहे, की उपकरण किती कार्यक्षम आहे हे सांगणारी लेबलं म्हणजे फसवणूक. हा मात्र लागतो. मानक जागेवर राहिलं आणि यंत्रं पुढे गेली, की जवळपास प्रत्येक उपकरण अव्वल दर्जाचं ठरतं. युरोपात ए च्या पुढे अधिकची चिन्हं जोडत जोडत लेबल तीन अधिकांपर्यंत गेलं होतं. अखेर मार्च 2021 पासून काही उपकरणांसाठी साधी ए ते जी श्रेणी परत आणावी लागली, आणि सुरुवातीला ए ची जागा मुद्दाम जवळजवळ रिकामी ठेवली गेली. असा फेरआढावा कायद्यातच ठरलेल्या मुदतीने घालायला हवा, नाहीतर तो उत्पादकांच्या सोयीने होतो.