फी वर्षाची, वेळापत्रक मात्र झेरॉक्सचे

वर्षभराची फी एकरकमी भरून घेणाऱ्या जिमने नव्या सभासदाच्या हातात पहिल्याच दिवशी एक पुसट झेरॉक्स टेकवावी आणि तिलाच ‘तुमचे वेळापत्रक’ म्हणावे, याचा मला मनस्वी संताप येतो. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी बायसेप्स, शुक्रवारी ट्रायसेप्स आणि शनिवारी पाय. वय किती, पूर्वी कधी वजन उचलले आहे का, गुडघा किंवा कंबर दुखते का, रात्री झोप किती होते, यांतले काहीही विचारलेले नसते. कॉलेजच्या मुलालाही तोच कागद आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थालाही तोच.

या कागदाप्रमाणे छातीला सोमवारी एकदाच पिळून काढायचे आणि मग आठवडाभर हात लावायचा नाही. वजनाच्या व्यायामानंतर स्नायूंच्या बांधणीला आलेला वेग साधारण एक-दोन दिवसांत ओसरतो. म्हणूनच नवख्या माणसाने आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), बेंच प्रेस (बाकावर आडवे होऊन वजन वर ढकलणे), रोइंग (वजन अंगाकडे ओढणे) अशा व्यायामांनी सगळ्या शरीराला काम द्यावे आणि प्रत्येक मोठ्या स्नायूच्या वाट्याला आठवड्यात दहाएक सेट, म्हणजे सलग आवर्तनांच्या फेऱ्या, येतील असे हळूहळू पाहावे, ही या क्षेत्रातली प्राथमिक गोष्ट आहे. ती ट्रेनरला ठाऊक नसेल तर तो तिथे कशासाठी उभा आहे? सोमवारी संध्याकाळी दोन बेंचसाठी रांग लागते, टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या ठेवून जागा अडवल्या जातात, त्यावरून भांडणे होतात, आणि स्क्वॉटचा रॅक पलीकडे रिकामा असतो. सगळ्यांना एकच कागद वाटल्यावर दुसरे काय होणार?

कार्डिओचा, म्हणजे धावणे-सायकलसारख्या दमसासाच्या व्यायामाचा, सल्ला तर याहून बेजबाबदार आहे. स्नायू वाढवायला आलेल्या माणसाला ‘आधी पाऊण तास ट्रेडमिल, मग वजने’ असे सांगून पायांतली ताकद अगोदरच संपवायची, ही कुठली पद्धत? ताकदीचा आणि दमसासाचा कसून सराव एकत्र लादला, तर काही आठवड्यांनी ताकदीची वाढ खुंटते, हे व्यायामशास्त्राचे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्येच दाखवून दिले होते. याचा अर्थ कार्डिओ सोडावे असा मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम सांगते. झपाझप चालणे किंवा सायकल वजनांनंतर अथवा मधल्या दिवशी ठेवली, की दोन्ही बसते. पण त्यासाठी आठवडा समोर मांडून कोणीतरी विचार करायला हवा ना!

आणि हाच विचार मागितला, की ‘पर्सनल ट्रेनिंग घ्या’ असे उत्तर मिळते. मागच्या आठवड्यात किती वजन, किती रेप्स (आवर्तने) झाल्या, आता किती वाढवायचे, याची साधी वहीसुद्धा कोणी ठेवत नाही, आणि वजन हळूहळू वाढवल्याशिवाय स्नायू वाढणार कसा? मुदत संपायच्या महिनाभर आधीपासून मात्र नूतनीकरणाचे फोन न चुकता येतात. वर्षभरात मी उचलायचे वजन किती वाढवले, असे मी त्या फोनवर विचारतो, तेव्हा पलीकडून फक्त सवलतीचा आकडा सांगितला जातो.