आठवडा साजरा कसा करावा

सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या दोन शिक्षकी शाळेवर तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल, वर्ग पहिली ते चौथी, पट ३८, तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. शाळेत आठवडाभर काय झालं हे शनिवारी दुपारी ठरतं. आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या ग्रुपवर ‘साप्ताहिक उपक्रम अहवाल, फोटोसह, आजच, तात्काळ’ असा निरोप पडतो आणि खाली लिंक येते. शनिवारची शाळा सकाळची, तोवर मुलं घरी पोचलेली असतात. म्हणून शहाणा शिक्षक फोटो आठवडाभर साठवतो आणि त्या फोटोला शोभेल असा उपक्रम शनिवारी ठरवतो. मुलं ओळीत उभी, हात पुढे केलेले, हा एक फोटो काढून ठेवलात की प्रतिज्ञा, कवायत आणि स्वच्छ हात मोहीम अशा तीन ठिकाणी चालतो. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि हात धुवा दिन एकत्र येतात. त्या दिवशी नळाशेजारी पुस्तक धरून एक पोरगं उभं करावं. नळाला पाणी असलंच पाहिजे असं नाही, फोटोत ते कळत नाही.

फोटोची थोडी तांत्रिक बाजू आहे. मोबाइल आडवा धरा. उभा फोटो वार्ताहर परत पाठवतात, कारण पानावर तो दीड कॉलमात बसत नाही. झेंड्याचा खांब सरपंचांच्या बरोब्बर मागे येऊ देऊ नका, तो त्यांच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो. भिंतीवरचं घड्याळ कधीचं तीन वीसला थांबलेलं असेल तर कार्यक्रमापुरतं काढून ठेवा, नाहीतर सकाळी अकराचा कार्यक्रम दुपारी झाल्याचं जिल्ह्याला कळतं. फळ्यावरची तारीख तपासा, ती बहुधा परवाची असते. जावळी-पाटणच्या खोऱ्यात असाल तर नकाशा उमटणाऱ्या कॅमेऱ्यावर लगेच विश्वास टाकू नका. डोंगराच्या कुशीत मोबाइलला जागा सापडायला वेळ लागतो आणि तोवर तो शेवटची ठाऊक असलेली जागा छापून मोकळा होतो. मग मुलं शाळेच्या पटांगणात आणि फोटोखाली पत्ता एसटी स्टँडचा. अंगणात दोन मिनिटं मोबाइल आभाळाकडे धरून उभं राहा. मुलं हसतील, हसू द्या, तो आनंददायी उपक्रम.

फ्लेक्स एकदाच करावा आणि त्यावर फक्त शाळेचं नाव आणि ‘विविध उपक्रम’ एवढंच छापून घ्यावं. मधली जागा कोरी. दर वेळी तिथे दिनविशेषाचा कागद टाचणीने लावायचा. चिकटपट्टी लावू नका, तिसऱ्या वेळी फ्लेक्सचा रंग निघतो आणि मागच्या महिन्यातला पर्यावरण दिन खालून डोकावतो.

आता आठवडा घेऊ. त्यात ७ नोव्हेंबर येतो असं धरू. दिवाळी उशिरा असली तर हा दिवस सुट्टीत सापडतो आणि ‘ऑनलाइन साजरा’ करावा लागतो. त्याची कृती याहून सोपी आहे, पण या वर्षी दिवाळी लवकर झाली आणि शाळा सुरू झाली आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यात राजवाड्यावरच्या सरकारी शाळेत एका मुलाचं नाव इंग्रजी पहिलीला दाखल झालं. रजिस्टरला नोंद आहे भिवा रामजी आंबेडकर, क्रमांक १९१४. ती शाळा म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून राज्यभर हा विद्यार्थी दिवस आहे आणि आपल्या जिल्ह्यात तो जरा जास्तच आपला आहे. तेव्हा तो साधा करून चालणार नाही.

वेळ दहाची द्या. पाहुणे बारापर्यंत येतात. तोवर मुलांना बस्करावर ओळीने बसवून ठेवावं, कारण एकदा उठली की परत ओळ लागत नाही. प्रतिमा, हार, नारळ, उदबत्ती हे साहित्य आदल्या दिवशीच बघून ठेवा. काडेपेटी शाळेत कधीच नसते, ती खिचडीच्या चुलीवरून आणावी लागते. भाषणाला चौथीतला खणखणीत आवाजाचा आणि गणवेशाला बटणं असलेला मुलगा निवडा. भाषण तुम्हीच लिहून द्या. ‘व्यासपीठावरील मान्यवर, पूज्य गुरुजन आणि माझ्या बालमित्रांनो’ एवढं पाठ झालं की निम्मं काम झालं, पुढे तो अडकला तरी टाळ्या होतात. एक रजिस्टर, त्यातली एक ओळ आणि त्या ओळीपुढचं नाव असं काही मुलांना दाखवावंसं वाटलं तर आवरा. शाळेचं प्रवेश रजिस्टर कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली दुसऱ्या बाईंकडे असते.

बातमी लिहिणं हे खरं कौशल्य, ते कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. ‘उत्साहात संपन्न’ हे शेवटी नाही, मथळ्यात घालायचं. मग अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख उपस्थिती कुणाची, प्रास्ताविक एका शिक्षकाचं आणि आभार दुसऱ्याचे. शिक्षक दोनच असल्यामुळे सूत्रसंचालनाची पंचाईत होते, तिथे पुन्हा पहिल्याचं नाव घालावं. नावांचा क्रम सरपंच, उपसरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, पोलीस पाटील, तंटामुक्तीचे अध्यक्ष असा लावावा. सोसायटीचे चेअरमन गावात वजनदार असतील तर त्यांना दोन नंबरवर घ्या आणि उपसरपंचांना आधी फोन करून तसं सांगा. समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा सांगतो. त्या महिलांची नावं ‘आदी सदस्या’ या दोन शब्दांत मावतात. एक जरी पुरुषाचं नाव राहिलं तर शाळेच्या छपराचा ठराव दोन ग्रामसभा मागे जातो. शेवटची ओळ ठरलेली आहे: ‘विद्यार्थी व पालक मोठ्या संख्येने उपस्थित होते.’ विद्यार्थी दिवसाच्या बातमीत विद्यार्थी येतात ते याच ओळीत.

परिपाठातल्या बातम्यांविषयी एक सावधगिरी. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष झाले की एक मूल बातम्या वाचतं. त्या पेपरातल्याच असाव्यात. तिसरीतली मुलगी ‘रिझर्व्ह बँकेने रेपो दर कायम ठेवला’ हे छातीवर हात बांधून न चुकता म्हणते, तेव्हा पाहुण्यांवर चांगली छाप पडते. रेपो कोण असं तिने अजून विचारलेलं नाही. मुलांकडे स्वतःच्या बातम्याही असतात. ‘आमची म्हस रातच्याला व्याली’, ‘वरच्या आळीच्या उसात बिबट्या दिसला’, ‘सकाळची एसटी आलीच नाय’. त्या बातम्या म्हणून घेऊ नका, परिपाठ लांबतो. बिबट्याची बातमी मात्र मनात ठेवा. हजेरी ३८ वरून २४ वर का आली ते तिच्यातून कळतं. अर्थात शेऱ्यात पाऊस लिहिणं बरं, बिबट्या लिहिला की वेगळ्या खात्याचा अहवाल मागे लागतो.

बालबाजाराशिवाय थंडीतला आठवडा पुरा होत नाही. शुक्रवारी पटांगणात चुन्याने रेघा ओढून गाळे आखावेत. भेळ, भजी, कांदेपोहे, बोरं, मेथी, कोथिंबीर. बाजारात पहिल्या दहा मिनिटांत एक गोष्ट हमखास बिघडते. प्रत्येक पालक शंभराची किंवा पाचशेची नोट घेऊन येतो आणि मुलांकडे मोड नसते. आदल्या दिवशी दुकानातून किंवा रोजची बचत गोळा करत फिरणाऱ्या पिग्मीवाल्याकडून दहाच्या नोटा आणि पाचची नाणी आणून ठेवली नाहीत तर अर्धा बाजार उधारीवर होतो. दुसरं, भजी तळायला आया येतात, त्या गल्ल्यावरही बसतात आणि बेरीज-वजाबाकी भराभर तोंडी करून टाकतात. त्यांना उठवू नका, हिशेब लवकर मिटतो. मुलांना एकमेकांची भेळ खाऊ द्या, त्याने उलाढाल वाढते.

उलाढाल हा बातमीचा कणा आहे. प्रत्येक गाळ्यावर जाऊन ‘किती झाले?’ विचारा, मिळेल तो आकडा लिहा, बेरीज करा आणि वरच्या हजाराला नेऊन टेकवा. नफा विचारू नका. तेल, बेसन, गॅस सगळं घरचं, म्हणजे आला तो सगळाच नफा.

फक्त मेथीवाल्या पोरापासून जपून राहा. असा एक प्रत्येक बाजारात निघतो. त्याने चुलत्याकडून वीस जुड्या सात रुपयांनी आणलेल्या असतात. बारा दहाने जातात. ऊन वर आल्यावर पानं माना टाकतात, तेव्हा चार जुड्या पाचाने काढाव्या लागतात. उरलेल्या चार पोतं झाकून न ठेवल्यामुळे शेळी खाते. पोरगं हाताच्या बोटांवर, मग मातीत काडीने, मग पुन्हा बोटांवर मोजतं. चुलत्याला द्यायचे एकशेचाळीस, आणि हातात आलेत तेही एकशेचाळीसच. तुमच्याजवळ येऊन विचारतं, “सर, शेळीनं खाल्लेल्या धरायच्या का?” या प्रश्नाला पाठ्यपुस्तकाच्या शेवटी उत्तर दिलेलं नाही. ‘उद्या बघू’ म्हणा. बातमीत ‘विद्यार्थ्यांनी व्यवहारज्ञानाचे धडे गिरवले’ ही ओळ आधीच लिहून झालेली असते.

आता खिचडी. तिची बातमी होत नाही, नोंद होते. पहिली ते पाचवीला माणशी तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. ३८ मुलं म्हणजे ३ किलो ८०० ग्रॅम तांदूळ, ७६० ग्रॅम डाळ आणि १९० ग्रॅम तेल. मुलांना वाढण्याआधी चव घ्यावी आणि चव रजिस्टरला लिहावं. ‘उत्तम’ हा शब्द लिहून लिहून पेन सरावलेलं असतं. एखाद्या दिवशी खाली लागली तर ‘चांगली’ लिहा, तेवढा फरक पुरतो. मग जेवणाऱ्यांची संख्या ॲपवर. ॲपवरची संख्या, हजेरी आणि पोत्यातली शिल्लक, तिन्ही जुळली पाहिजेत. तपासणीला येणारे साहेब फळ्याकडे नाही, पोत्याकडे आधी बघतात.

आणि नेमकं इथेच नोव्हेंबरात घोटाळा होतो. कारखान्यांची धुराडी पेटतात, बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात आणि गावाबाहेर त्यांच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, पडतात. शनिवारच्या शीटमध्ये ‘शाळाबाह्य विद्यार्थी’ असा एक रकाना आहे. तो भरायची सगळ्यात सुरक्षित पद्धत म्हणजे शनिवारपर्यंत कोप्यांच्या बाजूने जायचंच नाही. हवं तर मोटरसायकल खालच्या रस्त्याने काढा.

तरी एखादी पोरगी आपण होऊन येते. खिचडीचा वास सुटला की दारात उभी राहते. अंगात गावाकडच्या शाळेचा गणवेश, कडेवर धाकटा भाऊ. जाईल तिथल्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड तिच्या शाळेने दिलेलंही असतं, ते कोपीत पेटीत असतं आणि पेटीला कुलूप. कागद नाहीत म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या कायद्यात आहे. त्यामुळे नाकारू नका. ‘उद्या आईला घेऊन ये’ एवढंच म्हणा. आई पहाटेच फडात जाते आणि गाडी भरल्याशिवाय परतत नाही, त्यामुळे तो उद्या हंगाम संपेपर्यंत पुरतो.

ती लगेच जात नाही. तिची नजर फ्लेक्सवर असते. कार्यक्रम होऊन दोन दिवस झाले तरी तो कागद काढायचा राहिलेला असतो. ती बोट न लावता वाचते. ‘वि’, मग ‘द्या’, आणि पुढच्या रफारावर अडते. ‘थी’ म्हणते, मान हलवते, पुन्हा मागे जाऊन ‘द्यार’ म्हणून बघते. दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत असं सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाचं लक्ष्य आहे. इथे एका शब्दालाच अर्धं मिनिट गेलं. या वेळी तुम्ही काही सांगू नका. एकदा ‘र्थी’ दुरुस्त करून दिलंत की ती उद्या परत येईल, परवा पाटी मागेल आणि तुमच्या ३८ चे ३९ होतील. मग माहिती पोर्टलला चढवा, पायाभूत चाचणी घ्या, मार्चमध्ये टोळी गेली की ती का गेली याचं स्पष्टीकरण लिहा. फोटोही काढू नका, मागे खरकटी ताटं दिसतात.

शनिवारी रकान्यात ‘निरंक’ लिहा. लिंक भरताना रेंज जाते आणि पान पहिल्यापासून उघडतं, तेव्हा निरंक दुसऱ्यांदा लिहावं लागतं. दुसऱ्यांदा ते सोपं जातं.

राहता राहिल्या स्वयंपाक करणाऱ्या ताई. त्यांना कितीही सांगितलंत तरी सोमवारपासून त्या तांदूळ घेताना एक मूठ जास्त टाकतात आणि एक ताट दारापाशी ठेवतात. ती मूठ १०० ग्रॅमच्या आसपास भरते. पंचवीस दिवसांत अडीच किलो. महिन्याच्या शेवटी पोत्यात तेवढा तांदूळ कमी निघाला, तर नोंदवहीत ‘घुशी-उंदरांनी खाल्ला’ असं लिहावं. शेऱ्याचा रकाना त्यासाठीच ठेवलेला असतो.