वेगळी लिफ्ट, वेगळा कप

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत गेलात तर स्पर्धा परीक्षेसाठी समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेतलेली दोन-चार मुलं भेटतातच. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम त्यांना तोंडपाठ असतो. सामाजिक तथ्य म्हणजे काय, तर जे व्यक्तीच्या बाहेर असतं, व्यक्तीवर दाब टाकतं आणि समाजात सर्वदूर आढळतं. साल १८९५, पुस्तकाचं नाव, तीन लक्षणं, दहा मार्कांचं उत्तर तयार. मी कॉलेजात हाच विषय शिकवते, त्यामुळे या मुलांशी बोलणं होतं. मी त्यांना विचारते, हा दाब आज सकाळपासून तुला कुठे जाणवला? बहुतेक जण अडखळतात आणि मग कुणीतरी हेल्मेटचं नाव काढतं.

हेल्मेटचं उदाहरण खरं तर उलटं आहे. कायदा आहे, दंड आहे, चौकात कॅमेरे आहेत, तरी पुण्यात बिनहेल्मेटच्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही. दुर्खीम कायद्यालाही सामाजिक तथ्यच म्हणतो, पण कायद्यामागे शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर उभी नसेल तर काय होतं ते कर्वे रस्त्यावर रोज दिसतं. याउलट, कुणाच्या दहाव्याला भडक जरीची साडी नेसून जायला कुठलंही कलम मनाई करत नाही. जाऊन बघा.

हे सगळं आज लिहायचं कारण असं की गेल्या काही वर्षांत मी एक रूढी जन्माला येताना अगदी जवळून पाहिली आहे. ती वाईट रूढी आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मी कोथरूड भागात एका सोसायटीत राहते. नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका इमारतीचा नाही. आम्ही राहायला आलो तेव्हा दोन्ही लिफ्ट सगळ्यांच्या होत्या. घरोघर सुतारकाम चालू होतं, प्लायवूडने लिफ्टच्या आरशाला ओरखडे पडायचे, म्हणून एक लिफ्ट सामानासाठी ठेवली. त्यात गैर काहीच नव्हतं. मग प्लायवूड नेणारा सुतार मोकळ्या हाताने उतरतानाही तीच लिफ्ट वापरू लागला. त्याच्यामागून पार्सलवाली मुलं, कचरा नेणारे, पाण्याचे जार आणणारे. २०२० साली लॉकडाऊननंतर घरकामाच्या मावशींना परत बोलावताना अटी घातल्या गेल्या: मास्क, सॅनिटायझर, आणि त्यांनी सामानाचीच लिफ्ट वापरायची. पुढे मास्क गेले. गेटवरची सॅनिटायझरची बाटली वाळून गेली. लिफ्टची अट तेवढी राहिली. आता तिथे प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेला छापील कागद आहे: ‘कामवाल्यांनी व डिलिव्हरी बॉईजनी सर्व्हिस लिफ्टचा वापर करावा.’ खाली ‘आदेशावरून’. कुणाच्या आदेशावरून? मी इतिवृत्ताची वही पाहिली आहे. असा ठराव कुठल्याही सभेत झालेला नाही.

पीटर बर्गर आणि थॉमस लुकमन या समाजशास्त्रज्ञांनी १९६६ च्या त्यांच्या पुस्तकात जे मांडलं ते याच्याशी तंतोतंत जुळतं. माणसं आपापसात वागण्याची एक सवय पाडून घेतात. जोवर ती पाडणारे हयात आणि हजर आहेत तोवर त्यांना आठवत असतं की हे आपणच, अमुक अडचणीपायी सुरू केलं होतं आणि वाटलं तर उद्या बदलू शकतो. पण पुढच्या पिढीला ती सवय घडताना दिसलेली नसते. तिच्या हाती येतं ते आयतं, टणक, बाहेरून आलेलं वास्तव. सोसायटीत पिढी बदलायला पंचवीस वर्षं लागत नाहीत, भाडेकरार संपला की पिढी बदलते. गेल्या वर्षी आलेल्या भाडेकरूंना वाटतं, इथे पहिल्यापासून असंच आहे.

मुलांच्या बाबतीत तर हे फारच लवकर होतं. तिसऱ्या मजल्यावरची एक छोटी, पहिलीत असेल, लिफ्टची वाट बघत उभी होती. आमच्याकडे येणाऱ्या मावशी पिशवी घेऊन आत शिरल्या. लिफ्ट तिथे होती ती मोठी, आरशाची. मुलगी अगदी गोड आवाजात, मदत करावी तशी म्हणाली, “मावशी, तुमची लिफ्ट ती आहे.” मावशी काही न बोलता बाहेर आल्या. त्या मुलीच्या मनात तिरस्कार नव्हता, ती त्यांच्याशी खेळतेही. तिला घरात कुणी बसवून हे शिकवलं असेल असंही मला वाटत नाही. जॉर्ज हर्बर्ट मीड हा अमेरिकन विचारवंत म्हणतो की मूल आधी आईचं, मग शिक्षकांचं आणि शेवटी ‘सगळ्यांचं’ म्हणणं आपल्या आत बसवून घेतं. तिच्या तोंडून त्या दिवशी आमची सोसायटी बोलली. मला त्या एका वाक्याने जितकं अस्वस्थ केलं तितकं त्या छापील कागदाने केलं नव्हतं.

प्रयोगशाळेतही हे दिसलेलं आहे. १९३५ च्या सुमारास मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने लोकांना पूर्ण अंधाऱ्या खोलीत बसवून प्रकाशाचा एक ठिपका दाखवला. ठिपका स्थिर असतो, पण अंधारात तो हलल्याचा भास होतो. तो किती हलला याचा एकटा माणूस आपला काहीतरी अंदाज सांगतो, पण दोन-तीन जण एकत्र बसले की सगळ्यांचे आकडे हळूहळू जवळ येतात, आणि नंतर एकट्याला विचारलं तरी तो गटाचाच आकडा धरून राहतो. १९६१ मध्ये जेकब्स आणि कॅम्पबेल यांनी पुढची पायरी गाठली. त्यांनी गटात मुद्दाम फुगवून आकडे सांगणारी आपली माणसं पेरली, मग एकेक करून ती काढून नवी माणसं बसवली. पेरलेल्यांपैकी शेवटचा माणूस उठून गेल्यावरही फुगवलेला आकडा काही ‘पिढ्या’ चालत राहिला आणि मग हळूहळू विरला. विरला, हेही विसरायला नको. ज्या संकेताची कुणी उजळणी करत नाही तो सैल पडत जातो. आमच्याकडे मात्र वॉचमन, कागद आणि सकाळच्या टोकाटोकीने रोज उजळणी होते.

समाज माणसांच्या करारातून बनला, हे हॉब्ज आणि रूसो या तत्त्वज्ञांचं म्हणणं मला कधीच पटलं नाही. त्यांच्या हिशेबात ती विचार करण्याची एक रीत असेल, पण ज्यांच्यावर नियमाचा भार पडतो ती माणसं त्या कराराच्या बैठकीला कधीच नसतात. प्रत्येक रूढी समाजाची काहीतरी गरज भागवते म्हणून टिकते, हे प्रकार्यवाद्यांचं उत्तर विद्यार्थ्यांना फार आवडतं. मला ते धोकादायक वाटतं. लिफ्टचंच बघा. आधी कारण होतं आरशावरचे ओरखडे, मग संसर्ग, आता म्हणतात सुरक्षितता. कारण दोनदा बदललं, नियमाच्या कक्षेत येणारी माणसं वाढत गेली आणि कारण संपलं म्हणून कुणाची सुटका मात्र झाली नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा निबंध. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, मानवशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींविषयी तो वाचला. आपल्याकडे तो जातीपुरता वाचला जातो. माझ्या मते रूढी कशी घडते आणि पसरते याचा तो पहिल्या दर्जाचा सिद्धान्त आहे. बाबासाहेब म्हणतात, जात मनूने दिली नाही. ती त्याच्या आधीपासून होती, त्याने ती सूत्रबद्ध केली. एका वर्गाने लग्नाचे व्यवहार स्वतःपुरते बंद करून दार लावून घेतलं. मग वरच्यांचं बघून इतरांनी आपापली दारं लावली. आणि काहींनी लावलीच नव्हती, पण इतरांची बंद झाल्यामुळे तेही आपोआप बाहेर राहून कोंडले गेले.

गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा अनुकरणाचा नियम त्यांनी इथे वापरला: अनुकरण वरून खाली वाहतं आणि जितकं अंतर कमी तितकं ते जोरात होतं. त्याचा पडताळाही दिला. ब्राह्मणांच्या सर्वांत जवळच्या जातींनी सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथा उचलल्या. त्याहून दूरच्यांनी शेवटच्या दोन, आणखी दूरच्यांनी फक्त बालविवाह, आणि सर्वांत दूरच्यांनी नुसतं जातीचं तत्त्व.

हे वाचून मी आमच्या आसपास पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. बाणेर-बालेवाडीच्या मोठ्या संकुलांत बांधकामाच्या नकाशातच सर्व्हिस लिफ्ट आहे, कामवाल्यांसाठी वेगळं गेट आहे, ओळखपत्र आहे. आमच्यासारख्या दोन लिफ्टवाल्यांनी एक वेगळी काढली. शेजारच्या सोसायटीत एकच लिफ्ट, तर तिथे मावशींनी ऑफिसच्या वेळेत ती वापरू नये असं ठरलं. पलीकडच्या जुन्या तीन मजली इमारतीला लिफ्टच नाही, तिथे त्यांनी बाकावर बसू नये असं सांगतात. जो तो वरच्याकडे बघून आपल्याला परवडेल तेवढं उचलतोय.

आता कपाविषयी. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी गेली होती. रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा प्याले, कुणी नुसता हातात घेतला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात रण माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला मंडळ नेमलं गेलं, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, झालं. त्या काळचे एवढे मोठे लोक, पण टिळकांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं आणि पुढे रानड्यांनीही घेतलं. रानडे न्यायाधीश होते, सरकारचा कायदा त्यांच्या हातात होता, आणि एका कप चहाचा हिशेब त्यांना शेजाऱ्यांना द्यावा लागला.

तो नियम आज कुठे आहे? कुठल्या कौन्सिलने तो रद्द केला नाही. रेल्वेच्या डब्यात, वसतिगृहांत, हॉटेलांत, ऑफिसांत माणसं शेजारी बसून खाऊ-पिऊ लागली आणि प्रत्येकाला दिसू लागलं की इतरही पितात. तरीही तो एका झटक्यात गेला नाही. वारीत एकत्र अभंग म्हणणारे लोक जेवायला जातवार वेगळे बसतात, हे इरावती कर्व्यांनी वारीत चालून, मनाला लावून घेऊन लिहिलं आहे, आणि ते पंचहौदनंतर कितीतरी वर्षांनी. आज अमृततुल्यच्या फळीवरचा ग्लास आधी कुणी उष्टा केला होता हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

पण त्याच शहरात, शिकल्यासवरल्या घरांत, ओट्याच्या कोपऱ्यात किंवा बाल्कनीच्या खिडकीत एक कप वेगळा असतो. बहुतेकदा स्टीलचा, नाहीतर कान तुटलेला चिनी मातीचा. तो इतर भांड्यांच्या मांडणीत जात नाही. मावशी त्यात चहा पितात, स्वतः विसळतात आणि होता तिथे पालथा घालून ठेवतात. घरातली सगळी भांडी त्याच घासतात, सगळ्या कपांना त्यांचाच हात लागतो. विचारलं तर उत्तर येतं, हायजीन. १८९० मध्ये उत्तर होतं विटाळ. मी या दोन उत्तरांत फरक करायला तयार नाही.

हॅरॉल्ड गारफिंकल हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आपल्या विद्यार्थ्यांना रोजचे संकेत मुद्दाम मोडायला पाठवायचा. घरात भाडेकरूसारखं वागून बघा, म्हणायचा. संकेत मोडला की तो उघडा पडतो. ही कल्पना मी आमच्या मावशींना सांगितली. म्हटलं, रोज माझ्याबरोबर मोठ्या लिफ्टने चला. त्या सुतारदऱ्यावरून उतरून येतात, सकाळी सातपासून घरं करतात. त्या म्हणाल्या, “तुम्हाला कुणी काय बोलणार नाही ताई. मलाच बोलतील, आणि पाचव्या मजल्यावरचं काम जाईल.” गारफिंकलच्या विद्यार्थ्यांना घरचे चिडले, एवढंच भोगावं लागलं. संकेत मोडण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, आणि ज्या सिद्धान्तात हे येत नाही तो माझ्या मते अपुरा आहे.

म्हणूनच मला १९८० महत्त्वाचं वाटतं. त्या साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. मागण्या साध्या होत्या, पगारवाढ आणि हक्काची सुटी. एकीने काम सोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरी ठेवली गेली असती. त्या सगळ्या मिळून थांबल्या. पुढे २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून पुण्यात ‘महिन्याच्या सुट्ट्या असतात’, ‘दिवाळीला बोनस द्यायचा असतो’ हे घरोघर मानलं जाऊ लागलं होतं. त्यामागे तो संप आणि संघटनांची वर्षानुवर्षांची चिकाटी यांचा मोठा वाटा आहे. आज बोनस बुडवणाऱ्या घराला शेजारीणच नावं ठेवते. रूढीच आहे ही, दुर्खीमची तिन्ही लक्षणं लागू पडतात. फक्त ती खालून वर गेली, तार्दच्या नियमाच्या उलट दिशेने.

सप्टेंबरअखेरपर्यंत सगळ्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभा व्हायच्या आहेत. आमच्या सभेसाठी मी लेखी प्रश्न दिला आहे: लिफ्टजवळचा कागद कोणत्या तारखेच्या, कोणत्या ठरावाने लागला? ठराव नसेल तर तो काढावा, आणि कुणाला हा नियम हवाच असेल तर त्याने उभं राहून, नाव सांगून तसा ठराव मांडावा. आणखी काही घरांनी त्याच कागदावर सह्या केल्या आहेत. त्यातल्या दोघी मला म्हणाल्या की आम्हालाही हे खुपत होतं, पण वाटायचं की बाकी सगळ्यांना हवंय.

तुमच्याकडेही असा कागद असेल तर सर्वसाधारण सभांचं इतिवृत्त मागून बघा, सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे. सह्या एकेकट्याने देऊ नका, सभेआधी चार घरं फिरून एकाच अर्जावर घ्या. त्यात मावशींची नावं घालू नका, त्यांना सभेत उभं करू नका. आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या कपासाठी कुठल्याच ठरावाची गरज नाही, तो आज संध्याकाळी इतर कपांत ठेवता येईल.