‘विचारलं होतं, तरी नको म्हणते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सविस्तर आणि न लाजता लिहिलंत, बरं झालं. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलीच्या पंधराव्या-सोळाव्या वाढदिवसाचा मोठा समारंभ करावा का, यावर मी लिहिलं होतं की आधी मुलीला विचारा. तुमचं म्हणणं असं, की एवढं लिहून मी हात झटकले. तुमच्या बहिणीने मुलीला विचारलं, भाची हो म्हणाली, हॉलची आगाऊ रक्कम भरून झाली, आणि आता सहा आठवडे उरलेले असताना ती म्हणते, मला काही नको. शिवाय तुमचे दोन आक्षेप आहेत: हा पैसा शिक्षणाला लावावा, आणि मुलगी ‘वयात आली’ याचा डांगोरा पिटायचाच कशाला, मुलाचं असं कोणी करत नाही.

पहिला राग रास्त आहे. ‘विचारा’ लिहिलं, पण कधी, काय आणि किती वेळा ते लिहिलं नाही. तिथेच गाडी घसरते.

‘तुला पार्टी हवी का गं?’ या प्रश्नाला त्या वयात बहुतेक वेळा ‘हो’च येतं. पार्टी म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर सात-आठ मैत्रिणी, गाणी आणि मोठी माणसं दुसऱ्या खोलीत असं चित्र असतं. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नातेवाईक, ऑफिसातली माणसं, स्टेज आणि फोटो असतात. दोघंही खरं बोलतात, फक्त वेगवेगळ्या कार्यक्रमांबद्दल. मग हॉल ठरतो, यादी फुगते, नाचाची तालीम निघते, आणि आपण हो म्हटलं ते हे नव्हतंच, हे तिला तेव्हा कळतं. तुमच्या भाचीने शब्द फिरवला असं मला वाटत नाही. तिला दुसऱ्याच गोष्टीबद्दल विचारलं गेलं असावं.

म्हणून क्रम असा ठेवावा. तिच्याशी बोलण्याआधी आईबाबांनी आपसात रक्कम ठरवून कागदावर लिहायची. कसोटी साधी आहे: ही रक्कम उद्या सकाळी हरवली, तरी पुढच्या बारा महिन्यांत एकही हप्ता, फी किंवा औषध अडता कामा नये. कर्ज काढून नाही, तिच्या शिक्षणाच्या ठेवीला हात लावून तर नाहीच. तुमचा शिक्षणाचा मुद्दा इथेच निकालात निघतो. पार्टी किंवा फी असा प्रश्न असेल, तर समारंभ नाही, आणि मुलीला विचारायचंही नाही. ‘तुझी फी भरू की पार्टी करू?’ असं विचारणं म्हणजे पोरीवर ओझं टाकणं. ती नको म्हणेल, आणि ते नको कुणी विसरणार नाही.

रक्कम ठरली की तिच्याशी बोलायचं, पण पाहुण्यांसमोर नाही आणि जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसवूनही नाही. चालताना किंवा गाडीत शेजारी बसून ही मुलं जास्त बोलतात, कारण तेव्हा चेहऱ्याकडे बघावं लागत नाही. आणि अख्ख्या पार्टीबद्दल न विचारता पार्टीच्या एकेका तुकड्याबद्दल विचारायचं. तुला बोलवावीशी वाटतात अशी माणसं किती, नावं सांग. सगळे एकाच वेळी तुझ्याकडे बघतायत असा क्षण तुला चालेल का? चालत असेल तर कोणता: केक कापणं, दोन शब्द बोलणं, नाचणं? आणि एवढीच रक्कम सहलीवर घालवली, किंवा तुझ्या नावाने ठेवली, तर? हा तिसरा पर्याय खराखुरा हवा. ‘ठेव’ म्हणाली तर तक्रार न करता ठेव काढायची तयारी नसेल, तर तो तिच्यासमोर ठेवूच नये.

उत्तर मिळालं की लगेच हॉलला फोन लावायचा नाही. आठवडा जाऊ द्यावा आणि वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारावं. दोन्ही वेळची उत्तरं जुळली तर ते उत्तर. ‘तुम्हाला हवं ते करा’ हा होकार नव्हे. बहुतेक वेळा तो सभ्य नकार असतो, क्वचित कंटाळा. आणि गुपचूप सगळं ठरवून ऐन वेळी चकित करणं लहान मुलांना आवडतं. पंधराव्या वर्षी घरच्या कपड्यांत, न विंचरलेल्या केसांनी पन्नास माणसांसमोर उभं राहणं ही शिक्षा वाटू शकते.

आता यादी, कारण खर्च आणि मनस्ताप दोन्ही तिथेच वाढतात. ठरलेली रक्कम १०० भाग धरा. त्यातले १० बाजूला काढून विसरून जा. जास्तीचा तास, जनरेटर, साफसफाई, ऐन वेळी लागणारी गाडी अशा गोष्टी कोटेशनमध्ये दिसत नाहीत, बिलात दिसतात. उरले ९०. जागा, आवाज, सजावट, फोटो यांना समजा ३५ लागले. माणसं वीस असोत की साठ, हा आकडा फारसा हलत नाही. मग माणशी खर्चाला, म्हणजे जेवण, खुर्ची, परतभेट यांना ५५ उरतात. पंचावन्न माणसं असतील तर माणशी एक भाग. आता ‘त्यांना बोलावलं तर यांनाही बोलवायला हवं’ या एका वाक्याने पंचवीस नावं वाढली की खर्च थेट १२५ वर जातो. सजावट कमी करून हे भरून निघत नाही, सगळी सजावट काढली तरी नाही. म्हणून मी म्हणते, सजावटीवर घासाघीस करणाऱ्यांनी तो वेळ यादीवर घालवावा.

यादीत निम्म्याहून जास्त नावं मुलीची असावीत. नसतील तर तो तुमचा कार्यक्रम आहे, तिच्या वाढदिवशी ठेवलेला. यात वाईट काही नाही, पण मग तिला तसं सांगावं.

वर्गाच्या बाबतीत एक हिशेब उपयोगी पडतो. तिला सोडून वर्गात चाळीस मुलं असतील तर दहापर्यंत बोलवा, नाहीतर सगळ्यांना. दहा बोलावली की बाकीच्यांना कळतं की ही जवळची मंडळी. सदतीस बोलावली की उरलेल्या तिघांना कळतं की आपल्याला वगळलं आहे, आणि सोमवारी शाळेत मुलीला त्या तिघांसमोर बसायचं असतं. निमंत्रण वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका, एकेकीला द्या. आणि दोन महिने आधी केलेली मैत्रिणींची यादी अंतिम समजू नका. या वयात सहा आठवड्यांत गट मोडतात, नवे जुळतात. अचानक ‘मला काही नको’ आलं की आधी हीच शंका घ्यावी: जिच्यासाठी तिला पार्टी हवी होती त्या मैत्रिणीशीच बोलणं बंद झालं आहे का?

दुसरी शंका शरीराची. इथे तुमच्या ‘डांगोरा’ या शब्दाशी मी बरीचशी सहमत आहे. पाळी साधारण बारा-तेराव्या वर्षी सुरू होते; पंधराव्या-सोळाव्या वाढदिवशी शरीरात नवं असं काही घडत नाही. तेव्हा ‘वयात आली’ हे शब्द पत्रिकेत नकोत, भाषणात नकोत, कुणा काकांच्या विनोदातही नकोत. काय साजरं करतोय याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं पाहिजे. घराची किल्ली तिच्या हातात आली, महिन्याच्या खर्चाचा हिशेब ती स्वतः ठेवू लागली, खोलीत येताना दार वाजवलं जाऊ लागलं. असं एकही काही ठरलेलं नसेल तर तो नुसता वाढदिवस, आणि नुसता वाढदिवस घरीही छान होतो. मुलग्यांबद्दल विचारलंत; याच खर्चात, याच वयात तिच्या भावाचं केलं असतं का, हा प्रश्न आईबाबांनी एकमेकांना विचारावाच. उत्तर ‘नाही’ असेल तर का नाही, ते मोठ्याने बोलावं.

शरीरावरून आणखी एक गोष्ट, कारण ती कुजबुजत विचारली जाते. ‘तारीख पाळीत आली तर?’ सुरुवातीच्या काही वर्षांत चक्र २१ पासून ४५ दिवसांपर्यंत कसंही असू शकतं, त्यामुळे तारीख मोजून मुहूर्त काढता येत नाही. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता, मैत्रिणीच्या आईने सुचवल्या म्हणून देऊ नयेत. कार्यक्रमासाठी तर मुळीच नको. त्यापेक्षा पॅड, जादा अंतर्वस्त्र आणि गडद रंगाचा एक सुटा पोशाख असलेली पिशवी हॉलच्या स्वच्छतागृहाजवळच्या खोलीत ठेवावी, आणि कुठे ठेवली ते तिला माहीत असावं. इतर मुलींच्याही उपयोगी पडते.

पोशाख तीन महिने आधी शिवून ठेवण्याची घाई महागात पडते. या वयात तीन महिन्यांत मापं बदलू शकतात. कापड आधी घ्या, माप दोन-तीन आठवडे आधी द्या, आणि शिंप्याला दोन्ही बाजूंच्या शिवणीत दोन-अडीच सेंटिमीटर माया, म्हणजे जादा कापड, ठेवायला सांगा. ऐन दिवशी चेन लागत नाही म्हणून रडणारी मुलगी आणि ‘मी म्हटलं होतं कमी खा’ म्हणणारी आजी, या दृश्यावर उपाय म्हणजे ही माया.

सुरक्षेबद्दल मूळ लेखात मी एक ओळही लिहिली नव्हती, ती चूक तुम्ही न सांगताही मान्य करते. केकचा क्षण जवळून बघा. पंधरा-सोळा मेणबत्त्या पेटलेल्या, मुलगी वाकलेली, केस मोकळे, अंगावर जाळीचा कृत्रिम धाग्याचा झगा. आणि मागून चार मैत्रिणी फेसाचे स्प्रे घेऊन तयार. त्या डब्यातल्या फेसाला बाहेर ढकलणारा वायू बहुतेक वेळा ज्वलनशील असतो. मेणबत्तीवरून फवारा गेला की क्षणात भडका उडतो आणि तो चेहरा-केस यांच्या उंचीवरच असतो. म्हणून आग आणि स्प्रे एका खोलीत नकोत. फुग्यांत कोणता वायू आहे ते भरणाऱ्याला विचारा. हेलियम पेट घेत नाही, हायड्रोजन घेतो, आणि तो स्वस्त म्हणून भरला जातो. हेलियम ओढून आवाज बदलण्याचा खेळही चालू देऊ नका, टाकीतून थेट ओढल्याने जीव जाऊ शकतो.

गाण्यांचा आवाज हा मोठ्यांचा कुरकुरीचा विषय मानला जातो, पण आकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांना आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तास चालतो, लहान मुलांसाठी ही पातळी ७५ धरतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला प्रौढाचाही आठवड्याचा कोटा वीस मिनिटांत संपतो. मोबाइलवरचं मोजणीचं ॲप अगदी अचूक नसतं, पण ९० आणि १०० मधला फरक दाखवतं. शेजारच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल तर आवाज जास्त आहे, एवढं समजायला ॲपही लागत नाही. स्पीकरपासून टेबलं दूर ठेवा आणि बसायला एक शांत खोली असू द्या. गर्दीत गुदमरणाऱ्या दोन-तीन मुली प्रत्येक वर्गात असतात. कधी त्यातली एक उत्सवमूर्तीच असते.

फोटोंबद्दल थोडक्यात: मुलीने पाहून हो म्हटल्याशिवाय एकही कुठे टाकायचा नाही, जन्मतारीख वर्षासकट लिहायची नाही, आणि इतर मुलींचे चेहरे असतील तर त्यांच्या घरी विचारायचं.

आता तुमच्या बहिणीचं. आगाऊ रक्कम गेली म्हणून कार्यक्रम करायचाच, हा हिशेब चुकतो. गेली ती गेली. आता प्रश्न फक्त पुढे जाणाऱ्या पैशांचा आहे, आणि तो बहुधा आगाऊ रकमेच्या कितीतरी पट आहे. आज भाचीशी बोलताना ‘पण तू हो म्हणाली होतीस’ हे वाक्य टाळायला सांगा. त्याऐवजी: ‘यातलं नेमकं काय नको?’ स्टेज नको असेल तर स्टेज काढता येतं. नाच नको असेल तर तालीम उद्याच थांबवता येते. माणसं नको असतील तर पत्रिका अजून गेल्या नाहीत ना, ते बघा. वरची तुकड्यातुकड्यांची बोलणी आताही होऊ शकतात, सहा आठवडे पुरेसे आहेत.

सगळंच नको असं निघालं, तर हॉलवाल्यांना याच आठवड्यात फोन करा. तारीख जवळ येते तशी रद्द करण्याची कपात वाढते, त्यामुळे दिवस मोजून बोला. तीन गोष्टी विचारायच्या: आज रद्द केलं तर किती परत, तारीख पुढे ढकलली तर किती कपात, आणि त्याच तारखेला नावं बदलून दुसऱ्या घरगुती कार्यक्रमासाठी जागा वापरता येईल का. शेवटचं बहुतेकांना चालतं, कारण त्यांची तारीख रिकामी जात नाही. मिळालेलं उत्तर फोनवर न ठेवता मेसेजवर लिहून घ्या. घरात कुणाच्या लग्नाला पंचवीस किंवा चाळीस वर्षं होत असतील तर हॉल त्यांच्या नावावर जाऊ द्या, आणि त्या दिवशी भाचीला मागच्या रांगेत मैत्रिणीशेजारी बसू द्या.