‘सिनेमा पाहिलेलाच नाही’ म्हणणाऱ्या अनामित यांना

‘देजा वू’ या हॉलिवूड सिनेमावरच्या माझ्या लेखाखाली काल रात्री एक प्रतिक्रिया आली, नाव अर्थातच नाही, नुसतं ‘अनामित’. तिथेच दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो पण ते वाढत वाढत एवढं झालं की वेगळी पोस्टच टाकतोय.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेमात फेरीबोटीच्या स्फोटाचा तपास करणारा डग एका सरकारी यंत्रातून चार दिवसांपूर्वीचं बघतो, त्यात खून झालेल्या क्लेअरचं घरही दिसतं, आणि शेवटी तो स्वतःच भूतकाळात जातो. अनामित यांचं म्हणणं असं की क्लेअरच्या फ्लॅटमध्ये डगच्या बोटांचे ठसे तो भूतकाळात जायच्या आधीच सापडतात, मग पहिल्यांदा तिथे गेलं कोण, याचं उत्तर लेखात नाही. सरकारी यंत्रणा एका बाईच्या घरात, थेट बाथरूमपर्यंत डोकावते, त्यावर एक अक्षर नाही. मृतांचा आकडा चुकलाय. आणि मग शेवटचं वाक्य, ‘एकंदरीत लेखकाने सिनेमा पाहिलेलाच दिसत नाही, विकिपीडिया वाचून रतीब घातलाय.’

आधी आकडा. बरोबर आहे तुमचं. फेरीबोटीच्या स्फोटात ५४३ माणसं जातात, मी ४५३ टाइप केलं. लोकसभेच्या जागांएवढा सोपा आकडा, राज्यशास्त्र घेऊन बीए केलेल्या माणसाला हे शोभत नाही, दुरुस्त केलंय. म्हणजे बघा, चूक दाखवली की मी मान्य करतो, पण दाखवायची काही पद्धत असते की नाही? ‘रतीब घातलाय’ काय! मी काय दूध घालतो तुमच्याकडे?

आता ‘पाहिलेलाच नाही’बद्दल. २००७ साली मी कोथरूडला कॉट बेसिसवर राहायचो, कोपऱ्यावर एक डीव्हीडी लायब्ररी होती, दोनशे रुपये डिपॉझिट आणि दिवसाला तीस रुपये. ही डिस्क तीनदा आणली. तिच्यावर एवढे ओरखडे होते की गाडीच्या पाठलागाच्या ऐन मध्यात चित्र अडकायचं, मग आमच्यातला एकजण डिस्क काढून बनियनला पुसायचा, परत घालायचा, आणि तेवढ्या वेळात बाकीचे दोघं भांडायचे की आता भूतकाळ चालू होता की वर्तमान. कारण तो सीनच तसा आहे. डग झालेल्या डेन्झेल वॉशिंग्टनच्या डोक्यावर भूतकाळ दाखवणारं ते यंत्र, एका डोळ्याला चार दिवसांपूर्वीची रात्र दिसतेय, त्यात खुनी गाडी घेऊन चाललाय, आणि दुसऱ्या डोळ्यासमोर आत्ताचा भर दिवसाचा ट्रॅफिक, त्यात हा उलट्या बाजूने घुसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ठोकतो. सिनेमा संपल्यावर, तो जिथे घडतो त्या न्यू ऑर्लिन्सच्या लोकांना अर्पण केल्याची पाटी येते, कत्रिना वादळानंतर सहाच महिन्यांनी तिथे शूटिंग सुरू झालं होतं, ती पाटीसुद्धा आम्ही उभं राहून वाचली होती. हे सगळं विकिपीडियावर असेलही, बनियन नसेल.

पण खरं सांगू का, मला हे वाक्य का लागलं त्याचं कारण डीव्हीडी नाही. मूळ लेखात मुद्दाम लिहिलं नव्हतं, आता लिहितो, तुम्हीच वेळ आणलीत.

२०११ मध्ये माझी अ‍ॅक्टिव्हा चोरीला गेली. सोसायटीत नुकतेच कॅमेरे बसले होते पण पासवर्ड सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी गावाला, त्यामुळे तिसऱ्या दिवशी रात्री वॉचमनच्या केबिनमध्ये बसून मी ते फुटेज पाहिलं. छोटा टीव्ही, चार चौकोन, खालच्या डाव्या चौकोनात आमचं पार्किंग. पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी एक पोरगा येतो, चपला काढून खांबाशी नीट ठेवतो, अगदी देवळाबाहेर ठेवतात तशा. हँडलला झटका देऊन लॉक तोडतो, गाडी ढकलत गेटबाहेर नेतो. आणि मग परत येतो. चपलांसाठी! तो खाली वाकला तेव्हा मी स्क्रीनवर बोट ठेवून ‘अरे धर त्याला’ असं ओरडलो, आणि वॉचमन खरंच काठी घेऊन उठला, गेटकडे बघायला लागला. मग आम्ही दोघंही काही न बोलता परत खाली बसलो.

चौकीत म्हणाले पेन ड्राइव्हमध्ये घालून आणा. कोणाला ते जमेना, चार दिवस त्यात गेले, तोवर हार्ड डिस्क भरून जुन्यावर नवीन रेकॉर्डिंग झालं होतं. गेला तो पोरगा, चपलांसकट.

त्या रात्री घरी येऊन मी लॅपटॉपवर परत ‘देजा वू’ लावला, आणि तोवर जे फक्त भारी वाटायचं ते पहिल्यांदा कळलं. त्यांच्या यंत्रात कायम चार दिवस सहा तासांपूर्वीचंच दिसतं, रिवाइंड नाही, तुम्ही या खोलीत बघत बसलात आणि पलीकडे काही घडलं तर ते कायमचं गेलं. डगला आधी सांगितलेलं असतं की ही नुसती उपग्रहांची चित्रं आहेत, जोडून दाखवलेली. त्याला पटत नाही, तो लेझर घेऊन पडद्यावर मारतो, आणि चार दिवसांपूर्वीची क्लेअर दचकते. म्हणजे आपण बघतोय तिथे हात पोचतो! पोलिसांचं काम एरवी सगळं संपल्यावर सुरू होतं, पंचनामा, जबाब, ठसे. हा एक माणूस म्हणतो की मला पंचनामा नको, मला वेळेवर पोचायचंय. माझा अख्खा लेख एवढ्यावर होता, आणि तो वाचून तुम्हाला वाटलं काय तर विकिपीडिया. विकिपीडियावर कुणी वॉचमनच्या केबिनमध्ये ओरडतं का हो?

बरं, ठसे. तेही सांगतो म्हणजे टाळलं असं व्हायला नको. सिनेमात नदीचं उदाहरण देतात, मागे जाऊन काही बदललं की प्रवाहाला नवा फाटा फुटतो. म्हणजे आपल्याला दिसतो तो डग काही पहिला नाही, त्याच्या आधी कुणीतरी डग मागे जाऊन, क्लेअरच्या घरी जखमा पुसून, फेल होऊन गेलेला आहे, ठसे आणि रक्ताचे बोळे त्याचे. आता त्या पहिल्या डगच्या वेळी फ्लॅटमध्ये काय सापडलं असेल म्हणाल तर काहीच सापडलं नसेल, आणि तरी तो कशामुळे गेला असेल ते सिनेमा दाखवत नाही. असेल तिथे भोक. टाइम ट्रॅव्हलच्या कुठल्या गोष्टीत नसतं? तेवढ्यासाठी दिग्दर्शक टोनी स्कॉटला आणि मला एकाच काठीने हाणायचं कारण नव्हतं.

बाथरूमचा मुद्दा. लेख टाइम ट्रॅव्हलवर होता, प्रायव्हसीवर नव्हता. शिवाय बघणाऱ्या टीममध्ये एक बाई शास्त्रज्ञही आहे. सगळंच एका लेखात हवं असेल तर स्वतः लिहा, ब्लॉग काढायला पैसे पडत नाहीत. (जरा तिखट झालं, पण राहू दे.) आणि नाव घालून लिहा म्हणजे ताई म्हणायचं की दादा ते तरी कळेल. माझं नाव २००८ पासून या पानावर वर लिहिलेलं आहे.

बाकी व्याकरणाबद्दल तुम्ही कंसात जे लिहिलंय त्याला उत्तर देत नाही.

४५३ चं ५४३ झालंय, पान रिफ्रेश करून बघा. आणि पुराव्याचंच म्हणाल तर त्या डीव्हीडीवाल्याकडे माझे दोनशे रुपये डिपॉझिट अजून पडून आहेत, त्याच्या वहीत तारखा सापडतील. दुकान जाऊन तिथे आता मोमोवाला आलाय, तो भाग वेगळा.