शिळा करंट

परवा दुपारी दोन वाजता मला आमच्या कूलरनं मारलं. शॉक ‘बसला’ असं मी म्हणणार नाही. बसतो तो पाहुणा. ह्यानं हात खांद्यापासून झाडून फेकला आणि माझ्या तोंडून असा काही आवाज काढला, की आतल्या खोलीतून बायको म्हणाली, “हळू ओरडा की, दाजी झोपलेत.”

आणि कूलर बंद होता. टाकीत पाणी ओतायचं म्हणून त्याचं बटण मीच बंद केलं होतं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे ज्यानं म्हटलं त्यानं ते थंडीत म्हटलं असणार. मे महिन्यात पारा ४३ वर असताना आमच्याकडं फुशारकी मारायची ताकद कुणात नसते. आजोबांच्या माळवदाच्या घरात कूलर लागतच नव्हता. वर हातभर पांढरी माती, भिंत अशी की कोनाड्यात मांजर वितं. ते पाडून आम्ही स्लॅब टाकला, आणि आता त्या स्लॅबखाली भाजत पडून माळवद किती गार होतं ते एकमेकांना सांगतो. असो.

ओरडा ऐकून कंपाउंडवरून शेजारचे अण्णा आले. अण्णा रिटायर्ड आहेत. कुठल्या खात्यातून, ते नीट कळलेलं नाही, पण जगातलं प्रत्येक खातं त्यांचंच आहे. लोक खिशाला पेन लावतात, अण्णा टेस्टर लावतात. लग्नातसुद्धा.

“काय झालं ओ?”

“करंट लागला अण्णा.”

“चालू होता का?”

“बंद होता.”

अण्णांनी डोळे मिटले. वैद्य नाडीवर बोट ठेवून मिटतो तसे. “मंग शिळा असंल.”

“काय?”

“शिळा करंट. नळ बंद केला तरी पाइपात पाणी ऱ्हातंय का नाही? तसा वायरीत ऱ्हातो. घंटाभर हात लावू नका. आपोआप जिरतो.”

नळाच्या पाइपाचा दाखला आमच्या गल्लीत द्यायला धाडस लागतं. आठवडाभर त्या पाइपात हवाच असते. पण अण्णा तेवढ्यावर थांबले नाहीत. “तरी बगून घेऊ,” म्हणत त्यांनी टेस्टर काढला आणि प्लास्टिकचा स्टूल मागवला. “सेफ्टी पहिली.”

स्टुलावर चढून त्यांनी कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला की नाही ते दिसेना. “उजेड लई हाय,” अण्णा म्हणाले. मी खिडकी लावली. दिसेना. पडदा ओढला. दिसेना. मग त्यांनी टॉवेल मागितला आणि सर्दीचा वाफारा घेतात तसा डोक्यावरून घेऊन आत टेस्टर धरला. टॉवेलाच्या आतून हुकूम यायला लागले. “दार लोटा. अजून अंधार करा. ती फटीतली तिरीप कुठून यायली?” मी दाराच्या फटीला पाठ लावून उभा. अंगावरून घाम पाटासारखा वाहायला लागलेला. तेवढ्यात दाजी उठून आले. अंधार, बंद खिडक्या, स्टुलावर डोक्यावर टॉवेल घेतलेला माणूस आणि समोर कूलर. दाजींनी दारातच चपला काढल्या आणि मला हळूच विचारलं, “कशाची पूजा हाय?”

“बगा,” अण्णा टॉवेलातून बाहेर आले, “काईच नाही. तुमचंच अंग वाताचं हाय.”

हे मला लागलं. टेस्टरमधला तो बारका दिवा लागतो, कारण अगदी नावाला करंट त्याच्यातून, मग आपल्या अंगातून जमिनीत जातो. अण्णांनी प्लास्टिकच्या स्टुलावर चढून तो रस्ताच अडवलेला. साक्षीदाराचं तोंड बांधायचं आणि वर म्हणायचं, तो काही बोलत नाही. मी म्हटलं, “अण्णा, खाली उतरून लावा.”

“मला मारता का?” ते म्हणाले. “तुमीच लावा. तुमाला सवय झालीय. उलट्या हातानं लावा पण. सुलटा लावला तर मूठ आवळती, मग ती सोडत नाही.”

ह्यातलं मुठीचं खरं आहे. करंटनं स्नायू आवळतात आणि माणूस चिकटून राहतो. गल्लीतल्या पाचवीच्या पोराला ते पाठ आहे. कूलरला हात लावताना पायात चप्पल घालायची, तेही पाठ आहे. शॉक बसणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलंय, जसं काही जावई चिडका आहे, जरा सांभाळून घ्या.

वायरमन पोराला तीन वाजता फोन केला. “निघालोच” म्हणाला आणि सात वाजता आला. त्यानं आधी बोर्डातून पिन उपसली आणि तिच्याकडं बघून विचारलं, “मालक, वरची पिन कुणी कापली?”

मी छताकडं बघितलं.

“ह्यांनीच,” अण्णा म्हणाले. “मागच्या उन्हाळ्यात. ब्लेड माझं होतं.”

खोटं नाही. एक्स्टेन्शनच्या बोर्डाला भोकं दोन आणि कूलरच्या पिना तीन, म्हणून वरची जाड पिन मी कापून टाकली होती. ती लांब ह्याच्यासाठी असते, की बोर्डात ती सगळ्यांच्या आधी शिरावी आणि सगळ्यांच्या शेवटी निघावी. कूलरचा पत्रा तिच्या वायरीनं जमिनीला बांधलेला असतो. दोनच पिना उरल्या की प्लग सुलटाही बसतो आणि उलटाही. आणि गेल्या आठवड्यात पत्र्याला मुंग्या यायला लागल्या तेव्हा “पिन पलटी करून बगा” असं कोण म्हणालं होतं? अण्णा. मुंग्या खरंच कमी झाल्या. मी त्यांना चहा पाजला होता.

पोरानं जे सांगितलं ते असं. पंपाच्या मोटरीत ओल शिरून करंट पत्र्यात उतरत होता. पिन पलटी केल्यावर कूलरच्या बटणावरून फेजऐवजी, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीऐवजी, न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, जायला लागली. म्हणजे बटण बंद केलं तरी फेज आत तसाच, आणि परतीचा रस्ता तेवढा बंद. चालू असताना मुंग्या, बंद केला की लाथ. ज्या बटणावर मी विसंबलो, तेच मला मारायला उठलं होतं.

“नवा थ्री पिन टाक आणि भिंतीच्या बोर्डात लाव,” मी म्हटलं. पोरानं बोर्ड उघडला. तिसऱ्या भोकाच्या मागं वायरच नव्हती. “शोभेचं हाय मालक.”

अकरा वर्षं आम्ही ह्या घरात राहतो. हॉलच्या फरशीचा रंग ठरवायला चार फेऱ्या मारल्या होत्या. ठेकेदारानं अर्थिंगचे पैसे घेतले आणि भोक दिलं. मेन बोर्डात एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारं बटण, आहे म्हणून मी निर्धास्त. ती १६ अँपिअरची. वायर जळू नये ह्याची काळजी तिला, माणसाशी तिचं काही नातं नाही. माणसासाठी आरसीसीबी लागते, गेलेल्या करंटातले ३० मिलिअँपिअर जरी परत न येता भलतीकडं गेले, की ती क्षणात करंट तोडते. ती बसवा असं एकानं सांगितलं नाही. दर उन्हाळ्यात पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात, कूलरला हात लागून अमुक ठिकाणी बाई गेली, पोरगं गेलं. आपण पान उलटतो. मीही उलटत होतो.

आता भिंतीबाहेर खड्डा घेऊन पाइप, कोळसा, मीठ घातलंय, घरभर तिसरी वायर ओढलीय आणि आरसीसीबी बसवलीय. बिलाचा आकडा बायकोनं दोनदा वाचला. जाताना पोरगा म्हणाला, “उन्हाळाभर दोन-चार दिवसाला खड्ड्यात बादलीभर पाणी टाका. काळी जमीन हाय. भेगाळली की अर्थिंग कामाचं ऱ्हात नाही.”

“तुळशीला मी तांब्यानं मोजून घालायलेय,” बायको म्हणाली, “अन् ह्या खड्ड्याला बादली?”

निकाल दाजींनी दिला. दाजी लातूरचे. २०१६ साली त्यांच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून पाण्याबाबत आमच्या सोयऱ्यांत त्यांच्या शब्दावर शब्द नाही. त्यामुळं सध्या मी घमेल्यात उभा राहून अंघोळ करतो आणि ते पाणी, साबणासकट, खड्ड्यात जातं.

काल अण्णांकडं गेलो होतो. म्हटलं, तुम्हीही अर्थिंग करून घ्या.

“आमच्याला कशाला? आमचा कूलर लई गरीब हाय.”

मी वाकून बघितलं. पिनच नव्हती. दोन उघड्या वायरी बोर्डाच्या भोकांत खुपसून वर काड्यापेटीच्या काड्या ठोकलेल्या.

“अण्णा, हे काय?”

“काई होत नाही ओ,” खिशातला टेस्टर चाचपत ते म्हणाले. “मी बंद केला की घंटाभर हातच लावत नाही.”